अठरा रायफली कोणाच्या हातच्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा जुन्या लष्करी रायफलींची दुरुस्ती, आज मंगळवारी सकाळी, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले आणि विचारले, "आता उणे लावू का?" तेव्हा त्यांनी पेन काढले.

कारण असे, की गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, झिजली आहे. मी म्हटले, "घासून पुन्हा बसवता येत नाही का?"

"बाई, ही बंदूक नाही."

"बंदूक असती तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

शंभरातली पंच्याण्णव माणसे स्वतःच्या पायांनी घरी जातात असे ते सांगतात. माझाही तोच बेत आहे. तरी उरलेल्या पाचांच्या घरी मागाहून कपाटे उचकत बसलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हा कागद.

कलम पहिले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात एकच वाक्य होते: "माझे जे काही असेल ते माझ्या भावाला सोडून कोणालाही द्यावे." तेव्हाच्या वकिलांनी समजावले होते की 'कोणालाही' हे वारसाचे नाव होत नाही. मी ऐकले नव्हते. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. तसे का लिहिले होते ते चौथ्या कलमात आहे. चौथे कलम लांब आहे. आत्ताच्या वकिलांनी ते छाटायला सांगितले. मी उलट दोन पाने वाढवली.

कलम दुसरे. दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातले लोखंडी कपाट, पलंग आणि माझ्या यजमानांनी केलेले अक्रोडाचे टेबल, हे सगळे माझ्या भाचीला मिळावे. भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी. ती दातांची डॉक्टर आहे. दात बघायचे छोटे आरसे ती मला आणून देते, मी ते नळीत घालून बघते, आणि आम्हा दोघींना कीड लवकर सापडते. टेबलावर गरम भांडे ठेवू नये. चौथ्या पायाखाली कागदाची घडी आहे ती काढू नये. पाय बरोबर आहे, जमीन वाकडी आहे.

कलम तिसरे. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचे द्यावे. उरेल ते भाचीचे. न उरल्यास आत्याच्या नावाने बोटे मोडू नयेत.

कलम चौथे. हे मालमत्तेबद्दल नाही, पण याच्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

माझे वडील लष्कराच्या दुरुस्ती कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान घातले. पुढे काउंटर, मागे कामाची जागा, मध्ये एक दार. बाबांचे हात शेवटपर्यंत पक्के होते, पण डोळ्यांनी लवकर दगा दिला. मी तेरा वर्षांची असल्यापासून ते नळी खिडकीच्या उजेडाकडे धरत आणि मला म्हणत, "बघ आणि सांग."

रायफलीच्या नळीत आतून पीळ असतात. त्यांनी गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते.

"काय दिसतं?"

"पीळ दिसतात."

"सगळे सारखे?"

"नाही. तोंडाशी खालच्या बाजूचे बुजलेत."

"मग साफ करणारा शिपाई आळशी होता. दोरी रोज एकाच बाजूने ओढत होता."

अशी मी बाबांचे डोळे झाले, आणि डोळ्यांपाठोपाठ हातही. माझा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला कानस कुठल्या टोकाने धरायची ते कळत नसे, पण जीभ अशी, की पत्ता विचारायला आलेला माणूस बंदुकीचे तेल विकत घेऊन जाई. बाबांनी वाटणी केली: दादा पुढे, मी मागे, कागदोपत्री निम्मे-निम्मे. गावाला वाटे की दादा दुकान बंद करून मागे कामाला बसतो आणि मी लोखंडाचा कीस झाडते. दादाने तसे कधी सांगितले नाही. कोणी विचारलेच तर म्हणे, "आमच्याकडे होतं ते काम." 'आमच्याकडे' हा फार सोयीचा शब्द आहे.

माझे यजमान सुतार. दस्त्यांचे, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागाचे, काम त्यांच्याकडे जाई. ते दस्ता द्यायला येत आणि तासभर उभे राहत. एकदा म्हणाले, "रोज आत काय बघता एवढं?" मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "गोल जिना आहे की! केवढा सुंदर." तोवर ज्यांना ज्यांना मी नळी दाखवली त्यांनी "काळं दिसतंय" एवढेच म्हटले होते. मी त्याच महिन्यात लग्न केले.

आता अठरा रायफली. इथल्या नेमबाजी मंडळाकडे लष्कराने काढून टाकलेल्या अठरा रायफली होत्या. दोन पिढ्यांनी वापरलेल्या. शंभर मीटरवर पाच गोळ्या मारल्या तर टोपलीभर जागेत विखुरत. मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यांच्या यादीवर स्वतःच्या हाताने 'भंगार' असा शेरा मारला आणि नव्या मागवायचा ठराव मांडला. त्या सभेत दादा तेलाचे डबे पोचवायला गेला होता. तो भर सभेत उठला आणि म्हणाला, "सहा महिने द्या. या अठरा म्हाताऱ्या नव्यांना पाणी पाजतील."

घरी येऊन मला म्हणतो, "होईल ना गं?"

"आधी विचारायचं असतं, दादा."

"आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरे होते.

रायफल म्हातारी झाली की नळी बाद झाली असे लोक धरून चालतात. अठरांत खरोखर बाद नळ्या दोन निघाल्या, त्या बदलल्या. बाकी सोळांत जुने तांबे होते. प्रत्येक गोळी जाताना थोडे तांबे मागे ठेवते, आणि ते कोणी काढलेच नव्हते. चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत एकेका नळीला आठ-आठ दिवस गेले. मग नळीचे तोंड. तोंडाची कड एका बाजूने झिजली, की गोळी बाहेर पडता पडता उंबऱ्याला ठेच लागल्यासारखी वाकडी जाते. ती कड लेथवर नव्याने कापली, आणि पितळेच्या गोल डोक्याला घासायची पेस्ट लावून हाताने घोटली. लाकूड तेल पिऊन पिऊन भिजल्या पावासारखे मऊ झालेले. यजमानांनी ते तेल खडूच्या भुकटीने शोषून काढले, मऊ भाग कोरून त्या जागी कडक अक्रोड बसवला. रायफलीचे यंत्र लाकडावर जराही डुगडुगता कामा नये, आणि नळीला मात्र लाकूड शिवता कामा नये. मी नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघे. पट्टी न अडकता गेली की यजमान शीळ घालत. पहिल्या रायफलीला ती शीळ ऐकायला पंचवीस दिवस लागले. अठरावीला तीन.

साडेपाच महिन्यांनी पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकता येऊ लागल्या. त्या वर्षीच्या खुल्या स्पर्धेत आमच्या मंडळाने त्याच रायफली घेऊन नव्या रायफलीवाल्या चार मंडळांना हरवले.

सत्कार झाला. मंडळाच्या सभागृहात भिंतीवर सोनेरी रंगात नाव लिहिले गेले: कुशल कारागीर म्हणून दादाचे. दादा माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या या दोन हातांनी..." आणि हात वर केले. गोरे, मऊ, नखे कापलेले हात. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या नखांतली काळी पेस्ट पंधरा दिवस निघत नव्हती. यजमान हळूच म्हणाले, "टाळ्या वाजव, लोक बघतील." मी वाजवल्या नाहीत. लोकांनी बघितलेही नाही.

घरी आल्यावर मी विचारले, "दोन हात?"

"अगं, बोलण्याच्या ओघात निघून गेलं."

"ओघात माझं नाव बरं नाही निघालं."

तेव्हा तो जे बोलला ते मी इथे लिहिते, कारण तेच खरे दुखणे आहे. म्हणाला, "बाईने दुरुस्त केल्यात म्हटलं असतं तर त्या रायफली खांद्याला लावायला कोणी धजलं असतं का?"

मी मागे गेले आणि मधले दार लावून घेतले. त्या आठवड्यात पहिले मृत्युपत्र केले. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. दुकान चालू होते. दादा पुढे, मी मागे, आणि मधून ये-जा करायला वहिनी. दादा तिला म्हणे, "तिला सांग, पोलीस लायनीतली रायफल शुक्रवारी हवी." वहिनी आत येऊन मला सांगे. मी म्हणे, "त्याला सांगा, शुक्रवार माझ्या बापाच्याने होणार नाही." वहिनी बाहेर जाऊन सांगे. बाप तर दोघांचा एकच होता, पण रागात कोण एवढा विचार करतो. यजमान म्हणत, "दहा फुटांचं अंतर आणि मध्ये टपालखातं." त्यांनी दोनदा मध्यस्थी करून पाहिली. दोन्ही वेळा दोघांनीही त्यांनाच खडसावले, मग त्यांनी नाद सोडला.

अकराव्या वर्षी खुली स्पर्धा आमच्या मैदानावर होती. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. अंतिम फेरीला अर्धा तास असताना अठरांतली सात नंबरची रायफल बिघडली. सकाळी बशीत बसणाऱ्या गोळ्या आता परातीतही मावेनात. ती चालवत होती एक गणिताची शिक्षिका, आमच्या मंडळाची सगळ्यात चांगली नेमबाज. तिने दहा गोळ्या मारून बघून सांगितले, "माझं चुकत नाहीये. हिचं चुकतंय." सेक्रेटरींनी ध्वनिक्षेपकावरून कुशल कारागिराला बोलावले.

दादा पेटी घेऊन आला. पाहुण्या संघांचे प्रशिक्षक भोवती उभे राहिले. त्याने पुढचा स्क्रू आवळला. शिक्षिकेने तीन गोळ्या मारल्या, आणखी वाईट. त्याने परत आवळला. पाहुण्यांपैकी एक जण हसून म्हणाला, "म्हातारीला आता पेन्शन द्या."

मी लांब पाण्याच्या पिंपापाशी उभी होते. मला सगळे दिसत होते आणि खरे सांगते, मजा वाटत होती. मग दादाने चष्मा काढला. तो पुसला. परत घातला नाही. आणि ज्या आवाजात तो अकरा वर्षांपूर्वी माइकवर बोलला होता त्याच आवाजात म्हणाला, "मला हे येत नाही. कधीच येत नव्हतं. या अठराच्या अठरा माझ्या बहिणीने केल्यात. ती तिथे पाणी पितेय. तिला बोलवा."

कोणी बोलवायच्या आधीच मी चालू लागले होते. पेला हातातच राहिला होता, तो कोणीतरी घेतला.

अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द काय असावा याचा मी पुष्कळ विचार करून ठेवला होता. प्रत्यक्षात मी म्हटले, "सरक."

तो सरकला.

"किती पीळ दिलास?"

"आधी अर्धा. मग अर्धा."

"कुठल्या स्क्रूला?"

"पुढच्या."

"गाढवा."

"हो," दादा म्हणाला.

मी शिक्षिकेच्या वहीचा कागद फाडून पट्टी केली आणि नळीखालून सरकवली. वीतभर आत, डाव्या बाजूला अडकली. लाकूड पावसाने फुगले होते आणि नळीला रेटत होते. नळी तापली की गोळी उजवीकडे पळत होती. मी पुढचे लाकूड काढले, शिक्षिकेच्या पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि घासायला बसले. दादा माझ्यासमोर मांडी घालून लाकूड घट्ट धरून बसला. शिकलेला नसला तरी धरतो चांगले. बारा मिनिटे लागली. पट्टी सुळकन गेली, आणि गर्दीतून यजमानांची शीळ आली.

शिक्षिकेने पाच गोळ्या मारल्या. बशी.

आमचा दुसरा नंबर आला. पहिला आला असता तर गोष्ट अधिक चांगली झाली असती, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

घरी जाताना वहिनी आणि यजमान बरोबर होते. दादा म्हणाला, "अकरा वर्षं मला एकच धास्ती होती. कोणीतरी चारचौघांत मला स्क्रूबद्दल विचारेल."

"मग तोंडाने सांगायचं होतंस."

"सांगितलं की. त्या वर्षीच तुझ्या वहिनीकडून निरोप पाठवला होता, माझं चुकलं म्हणून."

आम्ही दोघांनी थांबून वहिनीकडे पाहिले. वहिनी म्हणाली, "पाठवला होतात. पण वन्संनी त्याच दिवशी 'त्याचं तोंड बघायचं नाही' असं सांगितलं होतं. मी म्हटलं, जरा निवू दे, मग पोचवू."

"अकरा वर्षं निवत होतं?" दादा ओरडला.

"राहून गेलं हो," वहिनी म्हणाली. "तुमचे एकमेकांचे किती निरोप! एकेकाच्या शिव्या गाळून पोचवता पोचवता माझा दिवस जायचा. त्यात हा एक गळला."

मी रस्त्यातच इतकी हसले की यजमानांना मला धरावे लागले. ते चार वर्षांनी गेले, झोपेतच, दुसऱ्या दिवशीच्या कामाची पट्टी कापून ठेवून. त्यांची ती चार वर्षे हसऱ्या घरात गेली, याचे श्रेय मी सात नंबरच्या रायफलीला देते.

भिंतीवर मात्र अजून दादाचेच नाव आहे. ते बदलावे म्हणून त्याने स्वतः दोनदा अर्ज केला. सेक्रेटरींनी उत्तर दिले की भिंतीवर लिहिलेला मजकूर हा मंडळाचा इतिहास असून इतिहासात खाडाखोड करता येत नाही.

कलम पाचवे. दुकानातला माझा निम्मा हिस्सा, लेथ, व्हाइस, सगळ्या कानशी, मापाच्या सळ्या आणि पितळेची गोल डोकी वर लिहिलेल्या गणिताच्या शिक्षिकेला मिळावीत. त्या स्पर्धेनंतरच्या रविवारी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "पट्टी कुठे अडकली ते तुम्हाला हाताला कसं कळलं, ते मला शिकवा." तेरा वर्षे झाली, ती रविवार चुकवत नाही. गेली दोन वर्षे नळीची तोंडे तीच घोटते, कारण माझा अंगठा दुखतो आणि, खरे लिहायचे तर, कारण ती माझ्याहून चांगली घोटते. दादाच्या पुढच्या खुर्चीबद्दल इथे अट घालायची होती. वकील म्हणाले, अट नको, नुसती विनंती लिहा. तर विनंती अशी, की तो आहे तोवर त्याला गिऱ्हाइकांशी बोलू द्यावे, आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

कलम सहावे. माझ्या परवान्यावरची एकुलती एक रायफल, बाबांनी दिलेली, हीसुद्धा शिक्षिकेलाच. परवाना तिच्या नावावर होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात जमा करावी. जमा करताना हवालदारांना सांगावे की नळी साफ करायची दोरी नेहमी यंत्राच्या बाजूने घालावी, तोंडाकडून नव्हे. त्यांना राग आला तरी सांगावे.

कलम सातवे. मंडळाच्या सेक्रेटरींना, ज्यांनी आता प्रत्येक भाषणात आपणच त्या जुन्या रायफली जपल्या असे सांगायची सवय लावून घेतली आहे, त्यांच्याच सहीचा 'भंगार' शेऱ्याचा मूळ कागद, काचेच्या चौकटीत घालून, सप्रेम भेट. चौकट यजमानांच्या हातची आहे. कोपरे बघण्यासारखे आहेत. सेक्रेटरींवर माझा राग नाही. थोडा होता, तो चौकटीत बसला.

कलम आठवे आणि शेवटचे. माझ्या भावाला आणि वहिनीला या मृत्युपत्राने मी काहीही ठेवलेले नाही. वाचणाऱ्याने घाईने अर्थ काढू नये. वहिनीला द्यायचे ते मी रविवारीच हातात दिले: माझ्या बांगड्या, रेडिओ, आणि अकरा वर्षांच्या टपालाबद्दल एक घट्ट मिठी. आता दादाचे. वकिलांकडून मला कळले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने किंवा त्याच्या नवराबायकोने साक्षीदार होऊ नये. झाल्यास मिळालेले जाते. म्हणजे दादाला एक तर वस्तू देता येईल, नाही तर त्याची सही घेता येईल. लेथ त्याच्या काय कामाची? मी सही निवडली. हे सांगितल्यावर तो बराच वेळ काउंटरवरचे तेलाचे डबे सरळ लावत बसला. डबे आधीच सरळ होते.

इथे माझे सांगणे संपले. वरचा मजकूर मी पुन्हा वाचला, मला तो मान्य आहे, आणि मी दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

स्थळ: दुकानाची मागची बाजू, खिडकीजवळ
दिनांक: सतरा सप्टेंबर, मंगळवार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला. करणारीने माझ्यासमोर सही केली. तिची शुद्ध माझ्यापेक्षा बरी आहे.
(सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा. करणारीने माझ्यासमोर सही केली. मी सगळी कलमे वाचली. चौथ्या कलमातला 'गाढवा' हा शब्द काढावा असे सुचवले. तो काढलेला नाही, आणि माझी हरकत नाही. अठराच्या अठरा रायफली माझ्या बहिणीने तिच्या दोन हातांनी दुरुस्त केल्या. हे मी कोणाच्याही दबावाविना, चष्मा घालून लिहितो.
(सही) मोठा भाऊ